घरातली हवा : आली कुठून, गेली कुठे?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे ओल, बुरशी आणि कुबट वासाची पत्रं येऊ लागतात. यंदा त्यांत एक नवा विषय वारंवार दिसतोय : बाहेरची ताजी हवा आत घेताना आतल्या हवेतली उष्णता वाचवणारं यंत्र. बेळगाव, खानापूर आणि चिकोडी भागांतून आलेली काही पत्रं थोडी आखडून इथे घेतली आहेत.

प्रश्न : जांबोटीच्या पुढे आम्ही नवीन घर बांधतोय. स्लॅबचं, १४०० चौरस फूट, तीन खोल्या झोपायच्या. थोरला मुलगा जर्मनीत असतो. त्याच्या घरी असं यंत्र आहे, खिडकी न उघडता घर कोरडं राहतं, बुरशी नाही. आपणही तेच बसवूया म्हणतोय. आमच्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना पांढरी बुरशी येते. बसवावं काय? (निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका)

तुमच्या चपलांची बुरशी या यंत्राने जाणार नाही. कारण समजून घ्या, म्हणजे मुलालाही पटवून देता येईल.

यंत्राचं काम सोपं आहे. एक पंखा स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली हवा बाहेर टाकतो, दुसरा तितकीच हवा बाहेरून घेऊन झोपायच्या खोल्यांत सोडतो. दोन्ही हवा एका पेटीतून जातात. पेटीत पातळ पत्र्यांच्या थरांचा गठ्ठा असतो, त्याला कोअर म्हणतात. हवा एकमेकींत मिसळत नाहीत, पण पत्र्यातून उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. चांगल्या कोअरमध्ये ७५ ते ९० टक्के उष्णता अशी वाचते.

जर्मनीत हिवाळ्यात बाहेर शून्य अंश आणि आत २० अंश. शून्य अंशाच्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन २० अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता तिशीच्या आत उतरते. म्हणजे तिथे बाहेरची हवा आत घेणं हेच घर वाळवणं आहे. जांबोटीत जुलैमध्ये बाहेर २३ अंश आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये १९ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. तुमच्या घराला ताशी १२० घनमीटर ताजी हवा लागेल असं धरलं, तर यंत्र दर तासाला सव्वादोन लिटर पाणी वाफेच्या रूपात आत आणेल आणि साधारण तितकंच बाहेर टाकेल. आत एसी नाही, हीटर नाही. मग घर बाहेरच्यापेक्षा कोरडं होणार कसं?

उष्णतेचाही हिशोब बघा. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण ०.३३ वॉट-तास ऊर्जा लागते. तिथे २० अंशांचा फरक धरला तर १२० घनमीटरमागे जवळजवळ ८०० वॉट सतत वाया जात असतात. ते वाचवायला यंत्र हवंच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री फरक सहा-सात अंशांचा, आणि घर तापवायला आपण काही जाळत नाही. जे खर्चच होत नाही ते वाचणार कुठून? एप्रिलमध्ये तर उलटंच. दिवसभर तापलेल्या घरात रात्री बाहेरची गार हवा हवीशी असते, आणि यंत्र इमानदारीने आतली उष्णता त्या गार हवेला परत देत बसतं. म्हणून यंत्र घ्यायचंच ठरलं तर बायपास असलेलं घ्या. त्यात झडप उघडली की हवा कोअर टाळून जाते.

आता तुमच्या पैशाचं खरं काम. बांधकाम चालू आहे हे तुमचं भाग्य. नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा झोडपतो. त्या बाजूला नुसता स्लॅब कापून सोडू नका. किमान दोन ते अडीच फूट छज्जा किंवा कौलांची पडवी काढा, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पागोळीची खाच ठेवा. ती नसली की पाणी कडेवरून परत भिंतीकडे धावतं. जोत्यावर ओल अडवणारा थर गवंडी गडबडीत विसरतो, तो स्वतः उभं राहून घालून घ्या. खालून चढणारी ओल कुठलाही पंखा काढू शकत नाही.

कपड्यांसाठी आठ बाय आठची एक खोली ठरवा. तिला खिडकी असली तरी पावसाळ्यात बंद, दार बंद, छताचा पंखा चालू आणि आत एक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र. वॉशिंग मशीनमधून निघालेल्या एका घाण्यात दोन ते तीन लिटर पाणी असतं. दिवसाला २० लिटर क्षमतेचं यंत्र पुरे. मात्र तो आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर काढलेला असतो. आपल्या पावसाळी गारव्यात त्याहून कमी पाणी निघेल. खिडकी उघडी ठेवून ते चालवलं तर सगळा पश्चिम घाट वाळवायला घेतल्यासारखं होईल. चपला आणि रेशमी कपड्यांचं कपाटही याच खोलीत ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सोडून, पायांवर.

एक गोष्ट मात्र आत्ताच करून ठेवा. प्रत्येक खोलीच्या एका भिंतीत, लिंटेलच्या वर, १६० मिलिमीटर पीव्हीसी पाईपचा तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवा आणि दोन्हीकडून टोपण लावा. पुढे एक्झॉस्ट लावा, नाहीतर यंत्र लावा, भिंत फोडावी लागणार नाही.

प्रश्न : टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ १२०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे. तीन बेडरूम, दोन बाथरूम. धुळीमुळे खिडक्या बंद, रात्री एसी. सकाळी उठलं की डोकं जड असतं. एसीवाला म्हणतो, ‘एनर्जी रिकव्हरी’ लावा. किती मोठं, कुठलं, कसं? (एक वाचक, बेळगाव)

तुमच्या घरी या यंत्राला खरंच काम आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवून गार करतो. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. दोन माणसं झोपेत ताशी मिळून २५ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली पूर्ण हवाबंद असती तर दर तासाला सातशेहून जास्त पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांतले भाग) भर पडली असती. बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. फटींमुळे प्रत्यक्षात भर कमी पडते, तरी बंद खोलीत पहाटेपर्यंत दोन हजार ओलांडणं अवघड नाही. जड डोकं आणि कोंदट वासामागे बरेचदा हेच असतं.

क्षमता काढायला अमेरिकेतल्या ॲशरे संस्थेच्या ६२.२ मानकातला हिशोब सोपा आहे : चौरस फुटांना ०.०३ ने गुणा, बेडरूमच्या संख्येत एक मिळवून साडेसातने गुणा, दोन्हींची बेरीज करा. तुमचे ३६ अधिक ३०, म्हणजे ६६ सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजेच ताशी ११२ घनमीटर. यंत्र नेमकं इतक्याचंच घेऊ नका. पूर्ण वेगावर ते ओरडतं आणि धूळ अडवणारी जाळी थोडी भरली की कमी पडतं. ताशी १८० ते २०० घनमीटरचं घ्या आणि साठ टक्क्यांवर चालवा. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. विक्रेत्याला विचारा, ‘१०० पास्कल दाबावर किती देतं?’ त्याच्याकडे पंख्याचा आलेख नसेल तर दुसरं दुकान बघा.

नुसती उष्णता वाचवणारं की ओलावाही अडवणारं? तुमच्यासाठी दुसरं, म्हणजे एनर्जी रिकव्हरीचं. जुलैच्या रात्री एसीच्या खोलीत २५ अंश, ५५ टक्के आर्द्रता असेल तर घनमीटरमागे साडेबारा ग्रॅम पाणी, बाहेर १९. ताशी ५० घनमीटर हवा आत घेतली की तीनशे ग्रॅमहून जास्त जादा पाणी एसीला पिळून काढावं लागतं. ओलावा ओळखणारा कोअर त्यातलं अर्ध्याहून जास्त बाहेरच अडवतो. तरी ‘वीजबिलात यंत्राचे पैसे निघतील’ असं कुणी म्हटलं तर मानू नका. एका खोलीमागे वाचणारी वीज ४०-५० वॉटच्या घरात असते. पैसे मोजायचे ते बंद खिडकीत मिळणाऱ्या स्वच्छ, ताज्या हवेचे.

कोअर कशाचा आहे ते जरूर विचारा. बाजारात कागदाचे पुष्कळ मिळतात. ते एसीच्या खोल्यांना चालतात, पण बाथरूमची वाफाळ हवा त्यांतून नेऊ नये. तुम्हाला बाथरूमची हवाही काढायची असेल तर धुता येणारा पॉलिमर पडद्याचा कोअर घ्या. फिरत्या चाकाच्या यंत्रात थोडी हवा परत येते, त्याला संडासाची ओढ जोडू नका. आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाईप या यंत्राला कधीही जोडायचा नाही. फोडणीचं तेल कोअरवर बसलं की तो संपला.

वाटणी अशी ठेवा. आत : मोठी बेडरूम ४०, दुसरी ३०, तिसरी २५, हॉल २० घनमीटर. बाहेर : स्वयंपाकघर ५०, बाथरूम ३५ आणि ३०. दोन्हीकडची बेरीज ११५. ती जुळलीच पाहिजे, नाहीतर उरलेली हवा खिडकीच्या फटींतून धूळ घेऊन येईल. बेडरूमच्या दाराखाली १० मिलिमीटर फट सोडा. संगमरवरी उंबरठ्यावर घट्ट बसणारं दार असेल तर सुताराकडून खालून तासून घ्या, नाहीतर खोलीत सोडलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नाही.

मुख्य डक्ट १५० मिलिमीटरचा. ११२ घनमीटर हवा त्यातून सेकंदाला पावणेदोन मीटरने जाते, आवाज येत नाही. १२५ मिलिमीटरच्या डक्टमध्ये तीच अडीच मीटरने जाते आणि रात्रीच्या शांततेत ऐकू येते. चुण्या पडलेला लवचिक डक्ट फक्त जोडणीपुरता, फूट-दीड फूट आणि ताणून. पीओपीवाला तो छतात गुंडाळून टाकतो, अर्धा दाब तिथेच जिरतो. बाहेरून हवा घेण्याचं तोंड रस्त्याकडे नको. ते बाहेर टाकण्याच्या तोंडापासून आणि सेप्टिक टाकीच्या व्हेंटपासून किमान दहा फूट लांब असावं, आणि जनरेटरच्या धुरापासून जमेल तितकं लांब. भोक विटांच्या भिंतीत पाडा, बीमला हात लावू नका.

काम झाल्यावर हवा मोजून घ्या. त्यासाठी उपकरण नसलं तरी चालतं. १२० लिटरची मोठी कचऱ्याची पिशवी घ्या, तिच्या तोंडाला तारेचं कडं शिवा, हवा पूर्ण काढून चपटी करा आणि छतातल्या झरोक्यावर दाबून धरा. ताशी ४० घनमीटरला ती अकरा सेकंदांत टम्म फुगते. वीस सेकंद लागले तर हवा निम्मीच येतेय. हवा ओढणाऱ्या झरोक्यावर फुगवलेली पिशवी धरून ती रिकामी व्हायला लागणारा वेळ मोजा. ठेकेदाराचं बिल या मोजणीनंतर द्या.

प्रश्न : सदाशिवनगरात आमच्याकडे असं यंत्र दोन वर्षांपूर्वी बसवलं. पावसाळ्यात एसी चालू असला की पीओपीला पिवळे डाग पडून थेंब गळतात. उन्हाळ्यात यंत्रातून गुडगुड आवाज येतो आणि वास येतो. कंपनीचा माणूस येऊन जाळी धुवून जातो. (गृहिणी, बेळगाव)

दोन वेगळे दोष आहेत, जाळी धुऊन दोन्ही जाणार नाहीत.

पहिला, थेंब. थंड देशासाठी बनलेल्या यंत्रात पाणी धरतं ते बाहेर जाणाऱ्या हवेच्या बाजूला, कारण तिथे आतली उबदार हवा गार होते. निचऱ्याचं तोटकं त्याच बाजूला असतं. आपल्याकडे एसी चालू असताना उलटं होतं. बाहेरची ओली हवा आत येताना गार होते आणि पाणी आत येणाऱ्या बाजूला धरतं. त्या बाजूला तोटकं नसेल तर पाणी पेटीतून डक्टमध्ये उतरतं. झाकण काढून बघा, कोअरखाली दोन्हीकडे ताट आणि तोटकं आहे काय. नसेल तर यंत्र आपल्या हवेला योग्यच नाही, निदान कोअर ओलावा अडवणारा बदलून घ्यावा लागेल.

तोटकं आहे आणि तरी गळतंय, तर डक्टला हात लावा. एसीच्या खोलीतून हवा ओढणारा डक्ट गार असतो. छतावरच्या पोकळीतली दमट हवा त्याच्या बाहेरून घामासारखी धरते. त्याला बंद छिद्रांच्या नायट्राइल रबराचं १९ मिलिमीटर आवरण हवं आणि प्रत्येक सांधा त्याच रबराच्या पट्टीने बंद हवा. नुसतं चंदेरी कागदाचं ग्लासवूल असेल तर त्याच्या फटीतून वाफ आत शिरते आणि ते भिजलेल्या गोधडीसारखं लोंबतं. तुमच्या डागांची रेघ डक्टच्या मार्गावरूनच जात असेल तर दोष इथेच आहे.

दुसरा, गुडगुड. निचऱ्याच्या पाईपला यू आकाराचा बाक असतो. त्यात पाणी उभं राहिलं की पंख्याची ओढ पाईपमधून हवा खेचू शकत नाही. उन्हाळ्यात पाणी बनत नाही, बाक सुकतो आणि पंखा थेट गटाराची हवा ओढतो. बाकात किमान ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. मार्चपासून दर पंधरा दिवसांनी त्यात कपभर पाणी ओता, किंवा सुकला तरी बंद राहणारा चेंडूचा ट्रॅप बसवा. पाईप संडासाच्या लाईनला थेट जोडला असेल तर आधी तो तोडा. तो उघड्या नहाणीत (फरशीतल्या निचऱ्याच्या तोंडात), जाळीच्या दोन इंच वर सुटला पाहिजे.

प्रश्न : चिमणी लावली की बाथरूममधून गटाराचा वास येतो. प्लंबरने दोनदा ट्रॅप बदलला. (हिंदवाडी)

ट्रॅप बिचारा निर्दोष आहे. चिमणी ताशी हजार घनमीटर हवा बाहेर फेकते असं खोक्यावर लिहिलेलं असतं. निम्मी फेकली तरी ती कुठून तरी आली पाहिजे. घर बंद असेल तर ती सगळ्यांत सोप्या वाटेने येते, म्हणजे सुकलेल्या नहाणीतून. चिमणी चालू करण्याआधी स्वयंपाकघराच्या लगतच्या खोलीची खिडकी वीतभर उघडा. न वापरातल्या बाथरूममध्ये आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. वास त्याच दिवशी जाईल.

याच पत्राला जोडून एक पत्र निपाणीहून आलं आहे, आणि त्याचं उत्तर आम्हाला सगळ्यांत आधी द्यावंसं वाटलं.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. गुदमरू नये म्हणून एक्झॉस्ट मोठा लावावा काय?

नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर काढा. आजच प्लंबरला बोलवा आणि तोपर्यंत चुलीवर नाहीतर बंबात पाणी तापवा.

बंद बाथरूममध्ये गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, पायांतलं त्राण जातं, आणि माणसाला कडी काढायलाही जमत नाही. मोठा एक्झॉस्ट लावून दार-खिडकी बंद ठेवली तर खोलीत ओढ तयार होते आणि गीझरच्या धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खाली येतो. चिमणी चालू असताना घरभर तेच होऊ शकतं. गीझर परसाच्या बाजूला किंवा उघड्या गॅलरीत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाईप आत आणा. बाथरूमच्या दाराला खाली आणि भिंतीला वर, अशा दोन कायम उघड्या जाळ्या ठेवा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणंही चांगलं, पण तो गीझर बाहेर काढण्याऐवजी नाही. गीझर चालू असताना कुणाला चक्कर आली तर आधी माणसाला उघड्यावर आणा, गॅस बंद करा आणि दवाखान्यात न्या. आंघोळीने थकवा आला असेल, असं समजून झोपवू नका.

प्रश्न : वडगावात घराच्या मागच्या बाजूला यंत्रमाग आहेत. ताजी हवा घेणाऱ्या यंत्राची जाळी आठवड्यात बंद होते. (एक विणकर कुटुंब) तसाच प्रश्न : ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात, तेव्हा धुराचा वास आत येतो. (चिकोडी)

दोन्ही ठिकाणी ‘हवेत काहीतरी आहे’, पण इलाज वेगळे. मागाची तूस लांब धाग्यांची असते. ती बारीक फिल्टरवर गादीसारखी बसते. तिच्यासाठी बारीक फिल्टर न घेता मोठ्या क्षेत्राचा भरड फिल्टर पुढे लावा. बाहेरच्या तोंडाला एक फूट बाय दीड फुटाची पेटी करा आणि तिच्यात सहज सरकवून काढता येईल असा जी-४ प्रतीचा कापडी फिल्टर ठेवा. क्षेत्र मोठं म्हणजे हवेचा वेग कमी, म्हणजे तूस खोल रुतत नाही. दर आठवड्याला तो तूस बसलेल्या बाजूने व्हॅक्यूमने ओढून घ्या, महिन्याने साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण सुकवा. आतला बारीक फिल्टर मग सहा-आठ महिने टिकतो. शक्य असेल तर तोंडच मागांच्या विरुद्ध बाजूला न्या.

पाचटाचा धूर फार बारीक असतो. जी-४ मधून तो सरळ आत येतो. त्याला एफ-७ प्रतीचा फिल्टर लागतो. तो धुता येत नाही, भरला की बदलायचा. तो लावल्यावर हवेला अडथळा वाढतो, म्हणून पिशवीने पुन्हा मोजून पंख्याचा वेग वाढवा. आणि एफ-७ कण अडवतो, वास नाही. वासासाठी सक्रिय कोळशाचा थर वेगळा. पाचट शेजारच्या फडातच पेटलं असेल तर सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे दोन-तीन तास यंत्र बंद ठेवणं. साखर कारखान्याच्या जवळ असाल तर गळीत हंगामात काजळीमुळे पुढचा फिल्टर लवकर काळा पडेल. तो तारखेवर न सोडता डोळ्याने बघून बदला.

प्रश्न : लाईट गेली की यंत्र बंद. इन्व्हर्टरवर घेतलं तर चालेल काय? (खानापूर)

चालेल. ईसी मोटरचं (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची, कमी वीज खाणारी मोटर) लहान यंत्र ४० वॉटच्या आसपास घेतं, महिनाभर अखंड चाललं तरी २९ युनिट. पण हेस्कॉमची लाईट तासभर गेली म्हणून इन्व्हर्टर खर्ची घालण्यापेक्षा खिडकी उघडा. जुन्या साध्या एसी (अल्टरनेटिंग करंट) मोटरच्या यंत्राला चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर घुरघुर येते आणि मोटर तापते, साइन वेव्हचाच लागेल.

प्रश्न : आजोबांच्या काळचं जांभ्या चिऱ्याचं घर आहे, भिंती दीड फूट. डक्ट टाकायला छत नाही, वर कौलं आहेत. एका खोलीपुरतं भिंतीत बसणारं यंत्र मिळतं म्हणतात. (नंदगड परिसर)

मिळतं. १६० मिलिमीटरच्या नळीत चिनीमातीचा मधमाशीच्या पोळ्यासारखा ठोकळा आणि एक पंखा असतो. साधारण ७० सेकंद हवा बाहेर जाते आणि ठोकळा तापतो, पुढचे ७० सेकंद हवा आत येते आणि ती ऊब घेऊन येते. एकटं यंत्र खोलीचा दाब वरखाली करत राहतं, म्हणून दोन लावतात. एक ओढत असताना दुसरं सोडतं. तुमच्या कौलारू घरात मात्र कौलांच्या फटींतूनच इतकी हवा खेळते की उष्णता राखण्याचा प्रश्नच येत नाही. लाकडी माळा घालून, फटी बुजवून एखादी खोली एसीची केली असेल तरच याचा विचार करा. नुसत्या कोंदटपणासाठी त्याच नळीत झडपेचा साधा एक्झॉस्ट आणि समोरच्या भिंतीत जाळीचं भोक पुरे.

भोक पाडताना जपा. चिरा आतून सच्छिद्र असतो, हातोडा-छिन्नीने एका जागी फोडायला गेलं की शेजारचाही खिळखिळा होतो. डायमंड कोअर बिट भाड्याने मिळते, तिने पाडा. भोक शक्यतो एकाच चिऱ्याच्या मध्यात घ्या, सांध्यावर नको. दीड फुटाच्या भिंतीत बाहेरच्या तोंडाला आतल्यापेक्षा दहा मिलिमीटर उतार द्या. नळी आणि चिरा यांमधली फट बाहेरून सिमेंटने न भरता लवचिक सीलंटने भरा, कारण चिरा पावसाळ्यात पाणी पितो आणि सिमेंटची कडा सुटते. भोकाच्या आतला उघडा चिरा नळी बसवण्याआधी वाळू द्या. हे काम मे संपायच्या आत उरकलेलं बरं.

बाहेरचं टोपण खाली तोंड करणारं असू दे, नैर्ऋत्येच्या भिंतीत शक्यतो नळीच नको. वारा समोरून आला की छोटा पंखा त्याच्याशी झुंजूच शकत नाही. टोपणाच्या आत बारीक स्टीलची जाळी लावा. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये एकदा टोपण काढून बघा. कुंभारीण माशी मातीचं घर करायला अशीच आडोशाची नळी शोधत असते, आणि दोन बोटांएवढा तिचा गोळासुद्धा अशा यंत्राची अर्धी हवा अडवतो.